म्युझिकलच्या पिटमध्ये फर्स्ट ट्रम्पेट घ्यावा की सेकंड?

पिटमध्ये, म्हणजे स्टेजजवळच्या वादकांच्या जागेत, दोन ट्रम्पेटचा शो आहे आणि तुम्हाला विचारलंय कुठली खुर्ची घेणार, तर बहुतेकजण आधी बघतात फर्स्टचा सूर किती वर जातो. मला तो प्रश्न नंतरचा वाटतो. आधी दोन्ही बुकं (त्या त्या खुर्चीचं लिहिलेलं संगीत) चाळा आणि विश्रांती कुठेकुठे आहे ते बघा.

हाय सी (ट्रम्पेटचा वरचा, अवघड सूर) घरी लागतो हे ठीकच आहे, पण फर्स्टला तो अडीच तासांच्या शेवटी लागतो. ओव्हर्चरमध्ये (सुरुवातीच्या वाद्यसंगीतात) पूर्ण जोर, मग मधल्या बॅलड्समध्ये (संथ गाण्यांमध्ये) लांबलचक टॅसेट, म्हणजे गप्प बसायचं, आणि शेवटी फिनाले, बोज (कलाकारांच्या अभिवादनाचं संगीत), एक्झिट म्युझिक (प्रेक्षक बाहेर पडतानाचं) एकामागून एक, म्हणजे ओठ थकलेले असतात नेमकं तेव्हाच सगळ्यात जड काम. त्यात एकाच दिवशी दोन शो असले तर पहिल्या शोमध्ये हात राखून वाजवायची शिस्त पाहिजे, ती सगळ्यांकडे नसते.

सेकंडला लोक सोपं समजतात ते मला अजिबात पटत नाही. तुम्हाला फर्स्टच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा, तो सूर जिथे तोडेल तिथेच तोडायचा आणि खालचा सूर इतका पक्का धरायचा की वरच्याला ढकलावं लागू नये. खालच्या पट्टीतली हळू, म्यूट (ट्रम्पेटच्या तोंडात बसवून आवाज बदलणारं बूच) लावलेली एन्ट्री तर हाय सीपेक्षा जास्त घाबरवते, कारण वर स्टेजवर कुणीतरी हळू आवाजात बोलत असतं आणि सूर फाटला तर लपायला जागा नसते.

काही त्रास दोघांनाही सारखेच. गायकाच्या सोयीने पट्टी ठरते, त्यामुळे गाणं ई मेजरमध्ये असलं की बी फ्लॅट ट्रम्पेटला सहा शार्प. म्यूटचंही तसंच, 4 बारमध्ये (मात्रांच्या चार गटांत) कप म्यूट काढायचा, हार्मन म्यूट बसवायचा आणि त्यातच पान उलटायचं, त्यामुळे म्यूट पायाशी टॉवेलवर क्रमाने मांडून ठेवा, अ‍ॅल्युमिनियमचा हार्मन नुसत्या फरशीवर पडला तर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. स्ट्रेट आणि हार्मनने सूर चढतो, कपने बऱ्याचदा थोडा उतरतो. आणि लांब टॅसेटमध्ये वाद्य गार पडून सूर उतरतो, फ्लुगलहॉर्नचं (ट्रम्पेटचं मऊ आवाजाचं भावंड) तर फार, म्हणून एन्ट्रीच्या आधी आवाज न करता गरम हवा फुंकत राहायची. व्हॅम्प (इशारा येईपर्यंत परत परत वाजवायचा तुकडा) किती वेळा फिरेल ते संवादावर अवलंबून, तिथे बार मोजण्यापेक्षा एमडीच्या (म्युझिक डायरेक्टरच्या) हातावर नजर हवी.

पहिलाच पिट असेल तर मी सेकंड घ्या म्हणेन, रेंज असली तरीही. व्हॅम्प, कट, अंधारातलं पान हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत ओठांची काळजी तरी डोक्यावर नको. मात्र सगळे ट्रम्पेट एकात गोळा केलेलं छोट्या बँडचं बुक आलं तर सावध राहा, त्यात फर्स्टचे वरचे सूरही तुमचेच आणि सेकंडची म्यूटची धावपळही तुमचीच, श्वास वाटून घ्यायला शेजारी कोणी नाही, माझ्या मते हे तिन्हींत सगळ्यात अवघड.

फर्स्टच घ्यायचा मोह होत असेल तर एमडीकडून फिनाले आणि एक्झिट म्युझिकची पानं मागून घ्या, तासभर दुसरं काहीतरी वाजवा आणि मग ती पानं न थांबता सलग वाजवून बघा. शेवटच्या ओळीत टोन पातळ झाला किंवा माउथपीस ओठांवर दाबावा लागला तर या शोला सेकंडच घ्या.