हातातला कन्सोल की खिशातला फोन?

पुण्याच्या तपकीर गल्लीत परवा निन्टेन्डो स्विचची, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या कन्सोलची, चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "बाहेरून आलेला माल आहे. वॉरंटीचं विचारू नका." फोनशी निम्मी तुलना इथेच आटोपते. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. फोन मात्र कुठल्याही चौकात, हप्त्यावर.

तरी अशा हातातल्या कन्सोलचे, हँडहेल्डचे, दिवस संपले म्हणणाऱ्यांनी आकडे बघावेत. २०१७ चा स्विच १५ कोटींच्या वर खपला. जून २०२५ मधला स्विच २ पहिल्या चार दिवसांतच ३५ लाख. सोनीचा हँडहेल्ड व्हिटा मात्र २०१९ मध्ये बंद पडला. फरक गेम्सचा आहे: झेल्डा या आपल्या गाजलेल्या मालिकेचे मोठे गेम निन्टेन्डो फोनवर देतच नाही.

फोनवर बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, फुकट. पैसे कपड्यांना आणि बंदुकीच्या रंगाला, तेही हौस असेल तर. पण काचेवर आपलेच अंगठे आपल्याला शत्रू दिसू देत नाहीत, फोन इस्त्रीसारखा तापतो, आणि ऐन मोक्याला आईचा कॉल येतो: "येताना कोथिंबीर आण."

स्विचचा गेम ज्यावर मिळतो त्या कार्डाची गोष्ट वेगळी. खेळून झालं की विकता येतं, जुन्या मालावर दुकानंही चालतात. आता स्विच २ च्या काही कार्डांत गेमच नसतो, नुसती किल्ली, बाकी डाऊनलोड. असं कार्डही विकता येतं, पण डाऊनलोड बंद झालं तर त्याचा उपयोग नाही.

आसुसचा हँडहेल्ड रॉग अ‍ॅलाय २०२३ मध्ये इथे अधिकृतपणे आला, पण ६९,९९० रुपयांना! तेवढ्यात जुनी अ‍ॅक्टिव्हा येते. मी सध्या फोनला दोन हजारांचा कंट्रोलर लावलाय.