शेंद्र्याचं ऑरिक बघून आलो
भावाला पॅकेजिंगचं छोटं युनिट टाकायचंय म्हणून परवा शेंद्र्याला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या ऑरिक या नव्या औद्योगिक शहरात, चक्कर मारली. रस्ते ऐसपैस, आणि पाणी, ड्रेनेज, वायरी सगळं आधीच जमिनीखाली, नाहीतर आपल्याकडे कारखाना आधी येतो आणि गटार दहा वर्षांनी. शेंद्रा आणि बिडकीन हे ऑरिकचे दोन भाग मिळून साधारण १०,००० एकर, त्यात राहायची घरं पण प्लॅनमध्ये धरलीयेत. ह्योसंगसारखी कोरियन कंपनी उगाच नाही आली, अर्थात १९८५ ला बजाज वाळूजला आली तेव्हापासून इथे व्हेंडर, टर्नर, फिटर तयार होत गेलेत ते आयतंच मिळालं म्हणा. बाहेरच्या एका एजंटने मात्र फॉर्म भरायचे म्हणून पैसे घेतले आणि आता फोनच उचलत नाही, तेव्हा असल्यांच्या नादी लागू नका. जागेला चार स्टार.