क्लच सेट दोनदा बदलला, दुखणं बुशात निघालं

जुन्या जीपचा चार गिअरचा बॉक्स काढून पाच गिअरचा बसवायचा, ही हौस माझीच. भंगारातून बॉक्स चांगला मिळाला आणि शिरोलीकडच्या एका गॅरेजवाल्यानं तो बसवून दिला. त्याचं नाव लिहीत नाही.

पहिल्याच दिवशी रिव्हर्स टाकताना करकर. इंजिन बंद असलं की पाचही गिअर लोण्यासारखे पडायचे; चालू केलं की क्लच तळापर्यंत दाबूनही पहिला पडेना. गॅरेजवाल्यानं एकदा दांडा हलवला आणि निकाल दिला, "साहेब, क्लच प्लेट गेली बघा. सेटच टाकूया." मजुरी धरून ९,५०० रुपये. आठ-दहा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. "मालच खराब लागला ओ," म्हणून दुसरा सेट, मजुरी निम्मी, वर उपकार. बिल दोन्ही वेळा वहीच्या कागदावर.

इथं माझी अक्कल शेण खायला गेली होती. मधल्या रविवारी याच गाडीनं चौघं बसून पन्हाळा चढून आलो होतो. प्लेट घासली असती तर चढाला इंजिन नुसतं रेस झालं असतं, गाडीनं ओढ घेतली नसती. घासलेली प्लेट सटकते. गिअर अडतो तो क्लच नीट सुटत नसला की.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी पेडल तीन-चारदा भराभर मारायला लावलं. तेवढ्यानं गिअर पडला असता तर क्लचच्या तेलाच्या लाइनीत हवा किंवा सिलिंडर गेलेला. फरक पडला नाही. मग स्वतः गाडीखाली शिरले. मी पेडल दाबायचं, ते स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे तेलाच्या दाबानं क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचा, दांडा बघणार. तो पुरता सरकत होता. "मग भानगड आत हाय. बॉक्स उतरवाय लागतोय."

बॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनच्या क्रँकच्या तोंडाशी पायलट बुशात, म्हणजे धातूच्या छोट्या कड्यात, सैल फिरेल असं बसतं. या बॉक्सचं टोक जरा जाड. मापाचा बुश करायचा सोडून पठ्ठ्यानं जुन्यातच ठोकून बसवलेलं. क्लच दाबला तरी बुश शाफ्टला धरून फिरवत राहायचा. वर बचाकभर ग्रीस. मिस्त्री हसले, "ग्रीस हाय तवर गिअर पडणार. त्याला म्हाईत हुतं की." लेथवर नवा बुश ४५० रुपयांत झाला.

पहिला सेट बसवताना मी प्लेटचा फोटो काढला होता, सहज भावाला पाठवायला. आता आतून निघालेल्या प्लेटवर ठोकलेला नंबर तोच! दुसरा सेट बसलाच नव्हता. तेव्हापासून काढलेला पार्ट आणि नव्याचा खोका मागच्या सीटवर ठेवल्याशिवाय मी पाकीट काढत नाही.

फोटो घेऊन गॅरेजवर गेलो. "पोराकडनं चुकून ऱ्हायलं असंल ओ साहेब," म्हणत त्यानं गल्ल्यातून ३,००० काढून दिले. उरलेले दिवाळीनंतर देतो म्हणाला. कुठल्या दिवाळीनंतर, हे मी विचारलं नाही.