ओपन-शेल मेनू: डीटीपीच्या दुकानात आठ महिने वापरल्यावर

"अक्का, कन्नड पत्रिका कशात उघडायची?"

गेल्या मे महिन्यापर्यंत हा प्रश्न दुकानात दिवसातून पाचसहा वेळा यायचा. आमचं डीटीपीचं, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर मांडून द्यायचं, दुकान सोलापूरच्या पूर्व भागात आहे. इथं एकाच लग्नाची पत्रिका मराठीत लागते आणि तेलुगूतही. सोयरीक अक्कलकोटकडची असली तर कन्नडही आलीच. मांडणीच्या प्रोग्रॅमपैकी जुनी कामं पेजमेकरमध्ये, नवी कोरलमध्ये, मराठी मजकुराला श्रीलिपीचे फाँट, फोटो असला तर फोटोशॉप. शिवाय फॉर्म भरणं, स्कॅनिंग, फ्लेक्सची डिझाइनं. मशीन तीन आणि बसणारे चौघं: मी, दोन मुली आणि दुपारी जेवणाच्या वेळेला दुकान सांभाळणारे माझे सासरे. एका मुलीची घरची भाषा तेलुगू, म्हणून ती मला अक्का म्हणते. तिचं ऐकून दुसरीही आता तेच म्हणते.

विचारणाऱ्या मुलीची यात काहीच चूक नव्हती. विंडोज १० च्या स्टार्ट मेनूत प्रोग्रॅम आपापल्या नावाने, एबीसीडीच्या क्रमाने लागतात. नवीन माणसाला काम माहीत असतं: पत्रिका करायची आहे. ती ज्यात होते त्या प्रोग्रॅमचं नाव कुठल्या अक्षरापाशी शोधायचं, हे तिला कुठून कळणार? आधी मी डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवून पाहिले. महिन्याभरात डेस्कटॉप गिऱ्हाइकांच्या फोटोंनी आणि स्कॅननी भरून गेला आणि शॉर्टकट त्या गर्दीत हरवले. मग स्टार्ट मेनूच्या फोल्डरातच ‘पत्रिका’ नावाचा फोल्डर केला, त्यात मराठी, तेलुगू, कन्नड असे तीन फोल्डर. तेही जमलं नाही, कारण विंडोज १० ची यादी फोल्डरचा एकच थर दाखवते. आतले फोल्डर मोडतात आणि सगळे शॉर्टकट एका रांगेत उभे राहतात. तिन्ही भाषा पुन्हा एकमेकांत मिसळल्या.

जूनमध्ये, फॉर्मची गर्दी सुरू व्हायच्या आधी, ओपन-शेल टाकलं. विंडोजच्या स्टार्ट मेनूच्या जागी आपल्याला हवा तसा मेनू देणारा हा प्रोग्रॅम. आता सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्राही पार पडली. एवढ्या दिवसांत तिन्ही मशीनवर रोज दहा-अकरा तास ते चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. स्टार्ट मेनू १९९५ साली विंडोज ९५ सोबत आला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तो काढून त्या जागी पूर्ण पडदाभर चौकोन आले, तेव्हा कित्येकांनी ‘क्लासिक शेल’ नावाचा फुकट प्रोग्रॅम टाकून जुना मेनू परत मिळवला. इव्हो बेल्चेव्ह यांनी तो २००९ पासून एकहाती लिहिला होता. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी काम थांबवलं आणि सगळा कोड खुला करून दिला. तो कोड स्वयंसेवकांनी पुढे चालवला आणि त्याचंच नाव आज ओपन-शेल आहे. अजूनही पूर्ण फुकट, जाहिरात एकही नाही. माझ्याकडे ४.४ मालिकेतली आवृत्ती आहे.

डाउनलोड करताना मात्र एक काळजी घ्या. गिटहब या खुल्या कोडच्या साइटवर ओपन-शेलचं स्वतःचं पान आहे, फाइल तिथूनच घ्या. ऑगस्ट २०१६ मध्ये एका डाउनलोड साइटवर घुसखोरी होऊन क्लासिक शेलच्या नावाखाली भलतीच फाइल ठेवली गेली होती. ती चालवणाऱ्यांच्या हार्ड डिस्कचा बूट रेकॉर्ड, म्हणजे मशीन सुरू व्हायला लागणारी नोंद, पुसला गेला. सॉफ्टवेअर चांगलं असलं तरी ते कुठून आणलं हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

इन्स्टॉल करताना ते कोणकोणते भाग हवेत हे विचारतं. मी फक्त मेनू ठेवला. फाइल एक्सप्लोररसाठीचा आणि जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसाठीचा असे दोन्ही भाग काढून टाकले. मग मेनूची रचना विचारली जाते: जुना एका रांगेचा, दोन रांगांचा, किंवा विंडोज ७ सारखा. विंडोज ७ चा दिसायला सगळ्यात छान आहे, पण दुकानासाठी मी एका रांगेचा घेतला. एकच रांग असली की नजर वरून खाली जाते, डावीकडे बघू की उजवीकडे हा प्रश्न उरत नाही.

आता खरी गंमत, म्हणजे मांडणी. आमच्या मेनूत सगळ्यात वर पाच ओळी आहेत: पत्रिका, फ्लेक्स, फॉर्म, स्कॅन, हिशोब. कुठल्याही कंपनीचं नाव नाही. ‘पत्रिका’वर गेलं की मराठी, तेलुगू, कन्नड. ‘मराठी’त तीन ओळी: नवीन पत्रिका, जुनं काम, फाँट. ‘नवीन पत्रिका’ हा कोरलचा शॉर्टकट नाही. तो थेट कार्डाच्या मापाच्या कोऱ्या फाइलचा शॉर्टकट आहे, ज्यात वर गणपती, कुलदैवतांची जागा, वधूवरांच्या नावांची जागा आधीच आखलेली आहे. कोरल आपोआप उघडतं. मुलीने फक्त मजकूर बसवायचा.

यात एकदा हात पोळले. एकीने गिऱ्हाइकाची नावं त्या मूळ फाइलवरच सेव्ह केली, आणि दुसऱ्या दिवशी ‘नवीन पत्रिका’ म्हणून उघडली तर कालचं नवरा-नवरीचं नाव. प्रूफ वाचताना सापडलं म्हणून निभावलं. तेव्हापासून सगळ्या मूळ फाइली रीड-ओन्ली करून ठेवल्या आहेत. सेव्ह करताना नवं नाव द्यावंच लागतं. तुम्हीही मेनूतून थेट फाइली उघडणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

सुरुवातीला मी फार बारीक वाटण्या केल्या होत्या. साखरपुडा वेगळा, बारसं वेगळं, वास्तुशांती वेगळी, श्रद्धांजली वेगळी. चार थर झाले. चौथ्या थरापर्यंत माउस नेताना तो जरा घसरला की सगळं मिटून जायचं, पुन्हा पहिल्यापासून. पंधरा दिवसांत सगळं मोडून दोन थरांवर आणलं. माझं मत विचाराल तर दोनच्या पुढे जाऊ नये. सासऱ्यांचा हात थोडा थरथरतो, त्यांच्यासाठी आतला मेनू उघडायला लागणारा वेळ वाढवून ठेवला आहे. मिलिसेकंदांत आकडा टाकायचा असतो. आता माउस चुकून शेजारच्या ओळीवर गेला तरी मेनू लगेच बदलत नाही. ते ‘स्कॅन’ ओळीवर जातात, स्कॅन करतात, पैसे घेतात. पूर्वी त्या वेळेला आलेल्या गिऱ्हाइकाला थांबावं लागायचं.

नावं मराठीत कशी दिली, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. यात काही अवघड नाही, शॉर्टकटचं नाव बदलताना युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर मराठी लिहितो त्याच सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, टाइप करायचं. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं इथं चालणार नाही, मेनूत ते इंग्रजी अक्षरांचा गोंधळ म्हणून दिसेल. युनिकोडमध्ये मात्र मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही लिप्या शेजारी शेजारी नीट दिसतात, कारण विंडोजमधल्या निर्मला यूआय फाँटात या तिन्ही आहेत. तेलुगूची ओळ आम्ही तेलुगू लिपीतच लिहिली. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा आमच्या मुलीने फोनवर फोटो काढून आईला पाठवला. अडचण एकच, नेहमीच्या अक्षराच्या मापात जोडाक्षरं आणि रफार फार बारीक दिसतात. स्किनच्या, म्हणजे मेनूच्या रूपाच्या, पर्यायांमध्ये मोठ्या अक्षरांची खूण आहे, ती लावली. मेनू थोडा लांब होतो, पण वाचता येतो.

शोधायच्या चौकटीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ओपन-शेलमध्ये ती आहे, वेगवान आहे, आणि इंटरनेटवर शोधायचा पर्याय बंद करता येतो, म्हणजे फक्त आपल्याच मशीनमधलं सापडतं. तरी दुकानात मी ती टॅब दाबल्यावरच येईल अशी ठेवली. मग मेनू उघडा असताना अक्षर किंवा आकडा दाबला की त्यापासून सुरू होणारी ओळ निवडली जाते. म्हणून प्रत्येक नावाच्या आधी इंग्रजी आकडा घातला: एक पत्रिका, दोन फ्लेक्स, तीन फॉर्म. विंडोजचं बटण, एक, एक: मराठी पत्रिका. मुली आता माउसला हातच लावत नाहीत. ज्याला प्रोग्रॅमची नावं पाठ आहेत त्याला नाव टाइप करून उघडणारे दुसरे लाँचर अधिक आवडतील. घरच्या लॅपटॉपवर मी स्वतः तसाच एक वापरते. दुकानात चार माणसं बसतात, आणि मेनू त्यातल्या सगळ्यात नवख्या माणसाला जमला पाहिजे.

कॅल्क्युलेटरने थोडा त्रास दिला. विंडोज १० मध्ये तो स्टोअरवरचा अॅप असल्यामुळे त्याची नेहमीसारखी प्रोग्रॅम फाइल हाताशी येत नाही. रनच्या चौकटीत (विंडोजचं बटण आणि इंग्रजी आर एकत्र दाबलं की येते ती) शेल, विसर्गासारखी दोन टिंबं आणि लगेच अॅप्सफोल्डर असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाकलं की सगळ्या अॅपची खिडकी उघडते. तिथून कॅल्क्युलेटर डेस्कटॉपवर ओढला की शॉर्टकट तयार होतो, तो मग ‘हिशोब’मध्ये टाकला.

स्टार्टचं बटणही बदलता येतं. एकाच चित्रात एकाखाली एक तीन रूपं काढायची: नुसतं असलेलं, माउस वर आल्यावरचं आणि दाबल्यावरचं. मी कोरलमध्ये सोलापुरी चादरीच्या काठाची नक्षी काढून लावली. आमच्या शेजारचे यंत्रमागवाले काका ते बघून म्हणाले, "काठ बरोबर आलाय की!" कामाच्या दृष्टीने याची गरज नव्हती, पण रोज दहा तास ज्याकडे बघायचं ते आपलं वाटलं पाहिजे.

सेटिंगची खिडकी हा या प्रोग्रॅमचा सगळ्यात जड भाग. ‘सगळी सेटिंग दाखवा’ अशी खूण केली की इतके पर्याय समोर येतात की पहिल्या दिवशी मी ती खिडकी बंदच केली. दोन गोष्टींनी निभावलं. वर शोधायची चौकट आहे, आणि आपण बदललेलं प्रत्येक सेटिंग ठळक अक्षरात दिसतं. त्यामुळे कुठं काय केलं होतं ते महिन्यांनंतरही सापडतं.

सगळी सेटिंग एका एक्सएमएल फाइलमध्ये साठवता येतात. पहिल्या मशीनवरची फाइल पेनड्राइव्हने दुसऱ्यावर नेली, तेव्हा वाटलं झालं काम. मेनूचं रूप आलं, पण ‘पत्रिका’ रिकामीच. त्या फाइलमध्ये फक्त सेटिंग असतात, शॉर्टकट नसतात. ते सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅमडेटामधल्या स्टार्ट मेनूच्या फोल्डरात असतात आणि तो फोल्डर वेगळा कॉपी करावा लागतो. प्रोग्रॅमडेटा लपवलेला असतो, आधी लपलेले फोल्डर दिसतील असं करून घ्या. मूळ फाइलींचा पत्ताही तिन्ही मशीनवर सारखाच ठेवा, नाहीतर शॉर्टकट उघडणार नाहीत.

आमचं तिसरं मशीन नवीन आहे, विंडोज ११ चं. तिथं टास्कबारवरची चिन्हं मधोमध असतात, ती आधी डावीकडे घ्यावी लागली, तेव्हा बटण जागेवर बसलं. ऐन लगीनसराईत या मशीनवर विंडोजचं मोठं अपडेट आलं आणि सकाळी मूळचा स्टार्ट मेनू उघडला. ओपन-शेलने नव्या विंडोजशी जुळवून घेऊ का, असं विचारलं होतं, पण मुलीने घाबरून ‘नाही’ दाबलं. तिचं बरोबरच होतं, अनोळखी खिडकीला हो म्हणू नये असं मीच शिकवलेलं. परवानगी देऊन मशीन पुन्हा सुरू केलं आणि सगळं होतं तसं परत आलं. तुमच्याकडे दुसरं कोणी बसत असेल तर ही एक खिडकी त्यांना आधीच सांगून ठेवा. गडबडीत मूळचा मेनूच हवा असेल तर शिफ्ट दाबून बटणावर क्लिक केलं की तोही उघडतो.

ज्यांची मशीन अजून विंडोज १० वर आहेत त्यांनी एक लक्षात घ्यावं. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. मेनू कितीही चांगला लावला तरी त्याखालची विंडोज जुनीच राहते. फॉर्म भरताना लोकांची कागदपत्रं आपल्या हातात असतात, त्यामुळे आमची दोन जुनी मशीन मी याच वर्षी बदलणार आहे.

ती आली की नवा मेनू लावायला फार वेळ लागणार नाही. एक्सएमएल फाइल, शॉर्टकटचा फोल्डर आणि तिन्ही भाषांच्या कोऱ्या पत्रिका एकाच पेनड्राइव्हवर आहेत, आणि पेनड्राइव्ह गल्ल्यात, पावती पुस्तकाखाली ठेवलाय. कुठं ठेवलाय हे चौघांनाही माहीत आहे.