इलेक्ट्रिक गाडीने लांब पल्ला: काही महिने वापरल्यावर

गाडीची बॅटरी 60 किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या भाषेत 60 युनिटची. शहरातल्या वापराबद्दल भरपूर लिहून झालंय, ते सोडून देतो. प्रश्न देश आडवा पार करण्याचा आहे, आणि तिथे जाहिरातीतली रेंज फारशी कामाची नाही. कामाचा आकडा म्हणजे 10 ते 80 टक्क्यांमधली 42 युनिटं. 80 च्या पुढे बॅटरी जपण्यासाठी गाडीच चार्जिंगचा वेग उतरवते. माझ्या गाडीत शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या सत्तरइतका वेळ लागतो. म्हणून मुक्कामी रात्रभर हळू चार्जरवर पूर्ण भरायची आणि वाटेत 80 ला चार्जरची गन (गाडीत खोचायचा प्लग) काढून निघायचं.

वेगाचं गणित मात्र मुळातून समजून घ्यावं असं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 100 वरून 120 वर गेलात की 44 टक्के जास्त. माझी गाडी 100 ला दर शंभर किलोमीटरमागे 16 युनिटं खाते, 120 ला 20. समजा 600 किलोमीटर जायचंय आणि निघताना बॅटरी भरलेली आहे. 100 ने 6 तास आणि एक थांबा. 120 ने 5 तास, पण थांबे दोन. हायवे सोडून चार्जरपर्यंत जाणं-येणं धरलं तर वाचतो जेमतेम अर्धा तास, आणि त्यासाठी 24 युनिटं जादा!

घाटाचंही तसंच. 1,800 किलोची गाडी 1,000 मीटर वर चढवायला सुमारे 5 युनिटं जादा लागतात. उतारावर मोटरच गाडीला आवरत वीज बनवते, त्यामुळे त्यातली बरीचशी परत मिळतात, पण बॅटरीत जागा असेल तरच. मुक्काम घाटमाथ्यावर असेल तर रात्री 100 टक्के भरू नका.

चार्जरवरच्या पाटीवर विसंबू नये. 120 किलोवॅट, म्हणजे तासाला 120 युनिटं, असं लिहिलेलं असतं, शेजारच्या गनला दुसरी गाडी लागली की बरेचदा वीज वाटली जाते. गारठलेली बॅटरीही चार्ज सावकाश घेते. त्यामुळे एकट्या शक्तिशाली चार्जरपेक्षा चार साधे एकत्र असलेली जागा मी निवडतो. 'अ बेटर रूट प्लॅनर' या ॲपमध्ये गाडीचं मॉडेल आणि पोचताना किती टक्के उरायला हवेत ते भरता येतं. चार्जर विरळ असलेल्या भागात मी तिथे 20 लिहितो.

पेट्रोल गाडीशी तुलना? एका लिटरमध्ये जवळपास 9 युनिटं उष्णता असते. 45 लिटरच्या टाकीत 400 युनिटं होतात. त्यातली बहुतेक इंजिन वाया घालवतं, तरी टाकी पाच मिनिटांत भरते. ओसाड भागातून रोज आठशे किलोमीटर कापायचे असतील तर मी आजही पेट्रोलच घेईन.

घरातले चौघं असू, दर अडीच-तीन तासांनी कुणाला तरी उतरायचंच असतं, तर इलेक्ट्रिकसारखं सुख नाही. गाडीचा खर्च चौघांत वाटला जातो. एकट्याने जायचं तर रात्रीची रेल्वे घ्यावी आणि पुढे फिरायला भाड्याची गाडी. फक्त एकीकडे घेतलेली गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचा आकार आधी विचारून ठेवा, तो धरला की हिशेब पुष्कळदा उलटतो.