कॅडहेरिन की इंटिग्रिन? एम.एस्सी.चा प्रकल्प निवडताना

शेवटच्या सत्रातली मुलं प्रकल्पाचा विषय ठरवायला येतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. "पेशी एकमेकींना कशा चिकटतात यावर काम करायचंय, पण कॅडहेरिन घेऊ की इंटिग्रिन?" वरवर पाहिलं तर दोन्ही सारखीच. दोन्ही प्रथिनं पेशीपटलात आरपार रोवलेली, बाहेरच्या टोकानं काहीतरी धरणारी आणि आतल्या टोकानं ॲक्टिनच्या, म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्याच्या, धाग्यांना बांधलेली. दोन्हींना धातूचे आयन लागतात. २००५ सालचं जपान प्राइझही कॅडहेरिनसाठी मासातोशी ताकेइची आणि इंटिग्रिनसाठी एर्क्की रुओस्लाह्ती यांना मिळून दिलं गेलं. पण चार-पाच महिन्यांत काम उरकायचं असेल तर या दोघांत मोठा फरक पडतो.

फुगडी डोळ्यांसमोर आणा. हातांची पकड समोरच्या हातांवर असते आणि पाय जमिनीवर. कॅडहेरिन म्हणजे हात: ते शेजारच्या पेशीवरचं आपल्याच जातीचं कॅडहेरिन धरतं. इंटिग्रिन म्हणजे पाय: ते मुख्यतः पेशींच्या भोवतीचं मॅट्रिक्स, म्हणजे फायब्रोनेक्टिन, कोलॅजेन, लॅमिनिन असली प्रथिनं धरून ठेवतं. (पांढऱ्या पेशींतली काही इंटिग्रिनं दुसऱ्या पेशीलाही धरतात.)

कॅडहेरिनची बाजू आधी घेते, कारण माझा कौल तिकडे आहे.

ई-कॅडहेरिन हा कॅडहेरिनचा एक प्रकार. त्याच्या बाहेरच्या भागात पाच तुकडे एकापुढे एक ओवलेले असतात आणि दर सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन बसतात. कॅल्शियम असेल तर काठी ताठ, नसेल तर ती ढिली पडते आणि पकड सुटते. म्हणजे स्विच तुमच्या हातात. पेशींच्या थरावर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घातलं की साधारण अर्ध्या तासात शेजारणी एकमेकींपासून सुटू लागतात. ते धुऊन पुन्हा कॅल्शियम असलेलं माध्यम घातलं की काही तासांत जोड परत बसतात. यातली सगळ्यात सुंदर गोष्ट अशी की ईजीटीए कॅल्शियम घट्ट धरतं पण मॅग्नेशियमला फारसं हात लावत नाही, आणि इंटिग्रिनचं बरंचसं काम मॅग्नेशियमवर भागतं. त्यामुळे हात सुटतात, पाय मात्र जागेवर राहतात. ईडीटीए हे त्याचं भावंड दोन्ही आयन पकडतं, म्हणून त्यानं पेशी ताटलीवरूनही सुटायला लागतात. एवढा एक फरक समजला तरी दोन्ही प्रथिनं समजायला सुरुवात झाली असं मी मानते.

कॅडहेरिनच्या शोधाची गोष्टही याच ईडीटीएशी जोडलेली आहे. क्योटोत ताकेइची हॅम्स्टरच्या पेशी ट्रिप्सिननं (प्रथिनं कापणाऱ्या विकरानं) सुट्या करत, तेव्हा त्या पुन्हा छान गोळा होत. सत्तरच्या दशकात ते बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले, तर तिथे त्याच पेशी गोळा होईनात. तिथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए होतं, क्योटोतल्या द्रावणात नव्हतं. कॅल्शियम असताना चिकटवणारं प्रथिन ट्रिप्सिनपासून वाचतं, कॅल्शियम काढलं की ते कापलं जातं. १९७७ साली त्यांनी यावरून चिकटण्याचे दोन प्रकार वेगळे दाखवले, आणि पुढे त्यातल्या कॅल्शियमवाल्या प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव मिळालं.

ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, कारण आजही रोजच्या वापरातली बाटली बहुधा ट्रिप्सिन-ईडीटीएचीच असते. तीच वापरून पेशी सुट्या करायच्या आणि लगेच झाकणाला उलटे लटकणारे थेंब लावून गोळे होण्याची वाट पाहायची, तर कॅडहेरिन आधीच छाटलेलं असतं. एका विद्यार्थिनीचे तीन आठवडे यात गेले आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण मी वेळेवर विचारलं नव्हतं.

पेशींची निवडही सोपी. स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींत ई-कॅडहेरिन भरपूर, त्यामुळे त्या फरशीसारख्या एकमेकींना लागून वाढतात. एमडीए-एमबी-२३१ मध्ये ते जवळपास नसतं आणि त्या लांबट, सुट्या दिसतात. दोन्ही पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीभांडारातून मागवता येतात. पहिला निकाल साध्या उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली, डोळ्यांनी दिसतो.

आता इंटिग्रिन. विषय म्हणून तो जास्त श्रीमंत आहे, हे मान्यच करायला हवं. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्या, त्यांच्या २४ जोड्या. शिवाय हे प्रथिन वाकून बसलेलं असतं आणि आतून इशारा आला की ताठ उभं राहून पकड घेतं. बिंबिकांवरचं (प्लेटलेट्सवरचं) अल्फा-टूबी-बीटा-थ्री हे इंटिग्रिन असंच झोपलेलं असतं, नाहीतर रक्त वाहता वाहताच गोठलं असतं. ते जन्मतः सदोष असेल तर स्विस डॉक्टर ग्लान्झमन यांनी १९१८ मध्ये वर्णन केलेला रक्तस्रावाचा आजार होतो. अँजिओप्लास्टीच्या वेळी काही रुग्णांना दिलं जाणारं टायरोफिबॅन हेच प्रथिन अडवतं, आणि आतड्याच्या दाहावरचं व्हेडोलिझुमॅब दुसऱ्या एका इंटिग्रिनला. कॅडहेरिनवर थेट चालणाऱ्या औषधांची अशी रांग नाही. म्हणून औषधनिर्मितीकडे जायचं असलेली मुलं इंटिग्रिनकडे ओढली जातात, आणि ते चूकही नाही.

अडचण प्रयोगात येते. प्लेटच्या खळग्यांना फायब्रोनेक्टिनचा लेप द्यायचा, मोकळ्या जागा बीएसएनं (गाईच्या रक्तातल्या, पेशी न चिकटणाऱ्या प्रथिनानं) भरायच्या, पेशी घालून तासाभरानं धुवायचं, उरलेल्या पेशी क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवून मोजायच्या. इथवर स्वस्त आणि सोपं. पण पेशी चिकटली ती अल्फा-फाइव्ह-बीटा-वननं की अल्फा-व्ही-बीटा-थ्रीनं? दोघंही फायब्रोनेक्टिनमधला तोच आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा ओळखतात. आरजीडी पेप्टाइड घालून चिकटणं कमी झालं तरी जोडी कुठली ते कळत नाही. त्यासाठी नेमकं अडवणारी प्रतिपिंडं हवीत, आणि ती महाग असतात. भर म्हणून पेशी वाढवायच्या माध्यमात घालतात त्या सीरममध्येच फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन असतं. पेशी नीट धुतल्या नाहीत तर तुलनेसाठी ठेवलेल्या, फक्त बीएसए लावलेल्या खळग्यातही त्या चिकटण्याची शक्यता राहते.

आजाराशी नातं हवं म्हणूनच इंटिग्रिन घेणार असाल तर थोडं थांबा. कॅडहेरिनच्या घराण्यातल्या डेस्मोग्लीनवर शरीरानं प्रतिपिंडं बनवली की पेम्फिगस होतो: त्वचेच्या पेशी एकमेकींना सोडतात आणि अंगावर, तोंडात फोड येतात. ई-कॅडहेरिनच्या जनुकातल्या दोषामुळे होणारा जठराचा आनुवंशिक कर्करोग १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत उलगडला. हातांची पकड सुटण्याचे परिणाम पाय घसरण्याइतकेच गंभीर आहेत.

तर माझा सल्ला असा. महाविद्यालयात एक इनक्युबेटर, एक सूक्ष्मदर्शक आणि तुटपुंजा निधी असेल तर कॅडहेरिन. मार्गदर्शकांकडे अडवणारी प्रतिपिंडं आधीच फ्रीजरमध्ये असतील, फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीवरचं प्रथिन मोजणारं यंत्र) वापरायला मिळत असेल, किंवा ताज्या बिंबिका मिळण्याची सोय असेल तर बिनधास्त इंटिग्रिन. पीएच.डी.चा विचार असेल तर दोन्हींमधला संवाद हा विषय मोठा आहे, पण तो पाच महिन्यांत मावत नाही.

अजूनही ठरत नसेल तर एक दुपार काढा. एमसीएफ-७ च्या एका ताटलीवर ईजीटीए घाला, दुसरीवर ईडीटीए, आणि दर पाच मिनिटांनी दोन्ही पाहा.