भोगव्याला तंबू: पुळणीवर की खाडीच्या तोंडाशी?

दोन रात्री तंबूत काढायच्या आणि कालवणापुरती मासळी स्वतः गरवायची, एवढाच बेत असेल तर मी सिंधुदुर्गातलं भोगवे सुचवतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या या एकाच किनाऱ्याला तीन जागा आहेत. उत्तरेला कर्लीच्या खाडीचं तोंड, पलीकडच्या काठावर देवबाग. मध्ये मोकळी पुळण. दक्षिणेला निवतीच्या किल्ल्याखालचं खडप. खडप आधीच बाजूला ठेवा. गोब्रे मासे तिथंच असतात हे खरं, पण दर चार फेकींत एक गळ दगडात जातो, आणि पाठमोरं उभं असताना एखादी मोठी लाट आली तर धरायला काही नसतं. तंबूचा तर प्रश्नच नाही. उरतात पुळण आणि तोंड.

पूर्वी मी जागा बघून ठरवायचो, आता पंचांग बघून ठरवतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा; मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच, पण शनिवार-रविवार निवडताना कॅलेंडरवरची तिथी पुरते.

अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी चढतंही कमी, उतरतंही कमी. खाडीच्या तोंडाशी गरवायचे ते हेच दिवस. ओढ बेताची असते, शिसं टाकलं तिथं बसतं आणि संध्याकाळचे दोन-तीन तास सलग हातात राहतात. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, हीच जागा नकोशी होते. ओहोटीचं पाणी समुद्राकडे असं धावतं की जड शिसंही वाळूवरून घसरत जातं. मासा घेतो तो पाणी वळायच्या आसपास, बाकी वेळ दोरी गोळा करण्यात जातो. त्या ओढीत गुडघ्याच्या वर उतरायचं नाही, पोहणाऱ्यानंसुद्धा.

पुळणीचं उलट. उधाणाला संध्याकाळी सहाच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी असते, तेव्हा वाळूतले खळगे उघड्यावर येतात. ते नीट बघून ठेवायचे. जेवण आटोपून नऊच्या पुढे चढत्या पाण्यात तिथंच गळ टाकायचा.

मासळीत तोंडाची जागा सरस आहे, यात वाद नाही. तांबोशी, काळुंदर, आणि नशीब जोरावर असेल तर चोणक, ज्याला रायगडात जिताडा म्हणतात. आमिष जिवंत कोळंबीचं असेल तर उत्तम. पाण्याची खोल वाट काठापासून फार लांब नसते, त्यामुळे रॉडशिवाय हातानं टाकायची साधी हातगरीही चालते. पुळणीवर मुख्यतः मुडदुशी, रात्री शेंगाळे. मुडदुशीला लहान गळ आणि सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा लागतो. ती काठाजवळच चरते. बारा फुटी रॉड घेऊन लांबवर फेकणारे हौशी तिच्या डोक्यावरून फेकतात आणि इथं मासाच नाही म्हणत परततात. आठ-नऊ फुटी हलका रॉड दोन्हीकडे चालतो; पहिल्याच खेपेला महागडं सामान घेऊ नका.

झोपेत मात्र पुळण जिंकते. तोंडाशी वारा पडला की डास आणि चिलटं बसू देत नाहीत. शिवाय नदीनं आणलेली तिथली वाळू जागा बदलत असते. गेल्या वर्षी कोरडी होती म्हणून यंदाही असेल असं नाही. एका पौर्णिमेला आम्ही अशाच सपाट वाळूवर तंबू ठोकला आणि मध्यरात्री चपला तरंगताना बघितल्या. तेव्हापासून नियम एकच: भरतीच्या रेषेपलीकडे वाळूवर पसरणारी मर्यादवेल जिथं सुरू होते तिच्या वर तंबू. नावातच सगळं आहे. जागा बागेची असेल तर मालकाला विचारून.

शेंगाळा दोन्हीकडे लागतो. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे विषारी. गळ सोडवायला पक्कड हवी, कपड्यात धरून भागत नाही. उथळ पाण्यात पाय घासत चालावं म्हणजे वाळूत बसलेलं पाकट निघून जातं. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा, तासभर तरी, आणि मग डॉक्टर गाठावा. म्हणून चूल लवकर विझवू नका.

पुळणीवर सकाळी मच्छीमारांची रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर गळ गुंडाळायचा. ती त्यांची जागा आणि त्यांचं पोट. हिवाळ्यात कासविणी अंडी घालायला येतात, तेव्हा किनाऱ्यावर बॅटरीचे झोत फिरवू नयेत. पावसाळ्यात यातलं काहीच करू नये.

लहान मुलं बरोबर असतील तर तिथी काहीही असो, पुळणच. चौघं गरवणारे असाल आणि झोपेचं फारसं कौतुक नसेल तर भांगाला तोंड गाठा. मी स्वतः अष्टमीजवळचा शनिवार शोधतो. तंबू पुळणीवर ठेवतो आणि दुपारी चारला वाळूतून तोंडाकडे चालू लागतो. चढतं पाणी मिळतं, सूर्य बुडताना ते थांबतं, आणि तांबोशी बहुधा त्याच घटकेला लागते. परतताना अंधार झालेला असतो, तेव्हा डोक्याची बॅटरी आणि वरच्या अंगाची वाट.